रेल्वेचे आर्थिक बोर्ड गेम: किती जण बसणार, त्यावरून खेळ कसा निवडायचा आणि कसा मांडायचा

रेल्वेच्या आर्थिक खेळांकडे नव्याने वळणारी मंडळी पहिला प्रश्न विचारतात, "सगळ्यात चांगला खेळ कोणता?" मी त्यांना आधी विचारते, टेबलाभोवती किती जण बसणार आहेत? या खेळांत लिलाव माणसांमध्ये होतो, शेअरचा भाव माणसं चढवतात आणि पाडतात, कंपनीचं अध्यक्षपद एकाकडून दुसऱ्याकडे जातं. माणसं बदलली की तेच खोकं, तोच नकाशा आणि तेच नियम असूनही खेळ वेगळाच होतो. खोक्यावरचा "२ ते ६" हा आकडा नियमांना किती माणसं चालतात एवढंच सांगतो. खेळ कितीजणांत रंगतो, हे त्यावर कुठेच लिहिलेलं नसतं. अनेक नवखे गट इथेच अडतात आणि "हा खेळ आपल्याला जमत नाही" म्हणून सोडून देतात. खेळ चांगला असतो, फक्त माणसांचा हिशेब चुकलेला असतो.

१. आधी खेळाचं घराणं ओळखा

सोयीसाठी तीन घराणी धरा.

पहिलं, शेअरच्या लिलावाचे छोटे खेळ. 'शिकागो एक्सप्रेस' हा त्यातला नमुनेदार खेळ. २००७ मध्ये तो 'वॉबॅश कॅननबॉल' या नावाने आला होता. साधारण तासाभरात संपतो. इथे कोणतीही कंपनी तुमच्या एकट्याची नसते. सगळे जण त्याच मोजक्या कंपन्यांचे भागधारक असतात, आणि शेजाऱ्याला फायदा करून दिल्याशिवाय तुम्हालाही फायदा होत नाही.

दुसरं, माल पोहोचवण्याचे खेळ. मार्टिन वॉलेस यांचे 'एज ऑफ स्टीम' (२००२) आणि 'स्टीम' (२००९), तसंच 'रेल्वेज ऑफ द वर्ल्ड'. यात प्रत्येकाची स्वतःची कंपनी असते, खिसा जवळजवळ रिकामा असतो आणि पहिला रूळ टाकायलाच कर्ज किंवा भांडवल उभं करावं लागतं.

तिसरं घराणं 'अठरा-एक्सएक्स'. फ्रान्सिस ट्रेशम यांच्या '१८२९' या खेळाने १९७४ मध्ये ते सुरू झालं आणि १९८६ च्या '१८३०' ने ते जगभर पोहोचलं. यातले बहुतेक खेळ रेल्वेच्या इतिहासातल्या एखाद्या सालाचं नाव घेतात, म्हणून एकूण घराण्याला हे नाव. शेअर फेरीत तुम्ही स्वतःच्या पैशाने शेअर घेता-विकता. कामकाज फेरीत ज्या कंपनीचे अध्यक्ष असाल, म्हणजे जिचे सर्वात जास्त शेअर तुमच्याकडे असतील, तिच्या पैशाने रूळ टाकता आणि गाड्या घेता. नव्या प्रकारच्या गाड्या आल्या की जुन्या मोडीत निघतात. सगळा थरार इथेच आहे.

'तिकीट टू राइड' या लेखात नाही. त्यात रूळ आहेत, पण पैशाचा व्यवहार नाही.

२. दोघंच असाल तर

दोघांत माझं नुकसान म्हणजे सरळ तुमचा फायदा. तिसरा माणूस नसल्यामुळे भागीदारीला अर्थ उरत नाही आणि लिलावही पांगळा होतो, कारण समोरच्याकडे किती पैसे आहेत ते दिसत असतं आणि बोली वाढवणारं दुसरं कोणी नसतं. म्हणून 'शिकागो एक्सप्रेस' दोघांत खेळता येत असला तरी मी कोणालाही तो दोघांत सुचवत नाही. त्या खेळाचा प्राणच सामाईक मालकीत आहे.

'रेल्वेज ऑफ द वर्ल्ड' मात्र मेक्सिकोच्या नकाशावर दोघांत छान चालतो. त्याच खेळाचा पूर्व अमेरिकेचा मोठा नकाशा चार ते सहा जणांसाठी आहे. तो दोघांत मांडलात तर दोघं दोन टोकांना बसून आपापले रूळ टाकत राहाल आणि एकमेकांशी गाठ पडायला अर्धा डाव जाईल.

अठरा-एक्सएक्सची ओळख दोघांना करून घ्यायची असेल तर '१८८९' घ्या. जपानच्या शिकोकू बेटाचा हा छोटा नकाशा, कंपन्या सात. इथे दोघं असोत वा चौघं, प्रत्येकाला ४२० येन मिळतात, म्हणजे टेबलावरचा एकूण पैसा माणसांनुसार वाढतो. पाच-सहा जणांत तो प्रत्येकी ३९० होतो. कंपनी ५० टक्के शेअर विकले गेले की सुरू होते आणि सर्वात कमी सुरुवातीचा भाव ६५ आहे. पाच शेअरचे ३२५ होतात, त्यामुळे खासगी कंपन्यांच्या (डावाच्या सुरुवातीलाच विकल्या जाणाऱ्या छोट्या कंपन्यांच्या) लिलावात हात राखून खर्च केला तर एकट्याला कंपनी उभी करता येते. नियम शिकायला एवढं पुरे. मात्र दोघांच्या डावात गाड्या मोडीत निघण्याचा वेग मंद असतो. त्यावरून या घराण्याबद्दल मत बनवू नका, पुढचा डाव तिघांत खेळून बघा.

'१८चेसापीक' हाही नवख्यांसाठी चांगला पर्याय. त्यात कामकाज फेऱ्यांचा संच (दोन शेअर फेऱ्यांमधल्या कामकाज फेऱ्या) संपला की ढिगातली पुढची गाडी आपोआप बाहेर जाते. माणसं कमी असली तरी खेळ रेंगाळत नाही, कारण गाड्या कोणी घेतल्या नाहीत तरी काळ पुढे सरकतो.

३. तिघं किंवा चौघं

अठरा-एक्सएक्स शिकण्यासाठी सगळ्यात चांगली संख्या हीच. का, ते '१८३०' च्या आकड्यांतून बघा. हे गणित समजलं की बाकीचे खेळही समजतात.

'१८३०' मध्ये एकूण २,४०० डॉलर सगळ्यांत सारखे वाटतात. तिघांत प्रत्येकी ८००, चौघांत ६००, पाचांत ४८०, सहांत ४००. कंपनी सुरू व्हायला ६० टक्के शेअर विकले जावे लागतात आणि सर्वात कमी सुरुवातीचा भाव ६७ आहे. सहा शेअरचे होतात ४०२. म्हणजे सहा जणांच्या डावात सुरुवातीच्या लिलावात एक डॉलरही खर्च केला नाही, तरी एकट्याला कंपनी उभी करता येत नाही. दोन डॉलर कमी पडतात! प्रत्यक्षात सहा खासगी कंपन्यांची दर्शनी किंमतच ६२० आहे. ती बँकेत गेली की सहा जणांकडे सरासरी ३०० सुद्धा उरत नाहीत. तिघांत मात्र तेवढं देऊनही सरासरी ५९० च्या आसपास उरतात.

तात्पर्य, तिघांच्या डावात तुम्ही मालक असता. सहांच्या डावात आधी भागीदार शोधावा लागतो.

तिघांत आठ कंपन्या म्हणजे बहुतेकांच्या हाताखाली दोन-तीन येतात. मग एक नवीनच खेळ सुरू होतो. कंपन्या एकमेकींकडून गाडी विकत घेऊ शकतात आणि किंमत ठरलेली नसते, एक डॉलरपासून पुढे काहीही. दोन्ही कंपन्यांचे अध्यक्ष तुम्हीच असाल तर जुन्या कंपनीची गाडी नव्या कंपनीला फुगवलेल्या भावाने विकून नवीचा पैसा जुनीत आणता येतो, किंवा चांगली गाडी एक डॉलरला नवीकडे सरकवून जुनी कंपनी पोकळ करता येते. पोकळ झालेल्या कंपनीचं काय करायचं? तिचे शेअर विकून अध्यक्षपद दुसऱ्याच्या गळ्यात घालायचं. तिघांच्या डावात हे घडणार हे गृहीत धरूनच बसा. एकाच माणसाच्या दोन कंपन्या लागोपाठ कामकाजाला आल्या तर तो एकटाच दोन-तीन गाड्या उचलून सगळ्यांच्या जुन्या गाड्या मोडीत काढू शकतो. पहिली '४' क्रमांकाची गाडी विकली गेली की सगळ्या '२' च्या गाड्या जातात. '६' आली की '३' च्या, आणि डिझेल आलं की '४' च्या.

चौघांत हे सगळं असतंच, शिवाय युती करायला पुरेशी माणसं असतात. मला विचाराल तर '१८३०' ला चार जण सर्वात शोभतात.

नवख्या तिघा-चौघांसाठी '१८४६' हाही उत्तम. टॉम लेहमन यांचा हा खेळ संख्येचा विचार मुळातूनच करतो. तिघांत पाच कंपन्या, चौघांत सहा, पाचांत सात. बँकही तशीच बदलते: ६,५००, ७,५०० आणि ९,००० डॉलर. प्रत्येकाला मात्र नेहमी ४००. इथे २० टक्क्यांतच कंपनी सुरू होते आणि जेवढे शेअर विकले तेवढाच पैसा कंपनीकडे येतो. '१८३०' मध्ये कंपनी सुरू होताच दहाही शेअरची रक्कम तिला मिळते. हा फरक डाव मांडायच्या आधीच सगळ्यांना सांगा, नाहीतर एका खेळाची सवय दुसऱ्यात महागात पडते.

'एज ऑफ स्टीम' चार जणांत फार सुंदर होतो, पण त्याबद्दल पुढच्या पायरीत.

४. पाच किंवा सहा जण

इथे दोन गोष्टी बदलतात, वेळ आणि तुमची भूमिका.

'१८३०' मध्ये एका माणसाला शेअरची वगैरे किती प्रमाणपत्रं (मालकीची कार्डं) ठेवता येतात याला मर्यादा आहे: तिघांत २०, चौघांत १६, पाचांत १३, सहांत ११. सहा जणांत तुमच्या हातात थोडेच शेअर असणार, आणि काहींना बराच वेळ एकाही कंपनीचं अध्यक्षपद मिळणार नाही. नवखे यामुळे हिरमुसतात, "मी तर नुसता बसून आहे" म्हणतात. त्यांना आधीच सांगून ठेवा की नुसता गुंतवणूकदारही जिंकतो. चांगल्या अध्यक्षाच्या मागे पैसा लावायचा, लाभांश घ्यायचा आणि तो अध्यक्ष कंपनी पोकळ करायला निघाला असं वाटताच शेअर विकून बाहेर पडायचं. हेही एक पूर्ण कौशल्य आहे. तरी पहिलाच डाव सहा जणांचा '१८३०' नको. पाच-सहा तास हां हां म्हणता जातात आणि दोन पाळ्यांमधली वाट पाहणं नवख्याला झेपत नाही.

पाच-सहा नवखे असतील तर 'शिकागो एक्सप्रेस' काढा. एकूण १२० डॉलर वाटायचे: तिघांत ४०, चौघांत ३०, पाचांत २४, सहांत २०. सुरुवातीला चार कंपन्यांचा एकेक शेअर लिलावात निघतो. सहा जण असतील तर निदान दोघं रिकाम्या हाताने राहणार. त्यांनी घाबरायचं कारण नाही. त्यांची रोकड शाबूत आहे आणि आपल्या पाळीला कोणत्याही कंपनीचा शेअर लिलावात काढता येतो. एकूण कमाई विकल्या गेलेल्या शेअरमध्ये वाटली जाते, त्यामुळे नवा शेअर निघाला की आधीच्या मालकाचा वाटा पातळ होतो. ज्याच्याकडे काहीच नाही त्याच्या हातातलं हे मोठं हत्यार आहे. उलट पहिल्याच शेअरवर २० पैकी १८ ओतून बसलेला माणूस पुढचे सगळे लिलाव नुसते बघत राहतो.

आता 'एज ऑफ स्टीम'. तिघांत दहा फेऱ्या, चौघांत आठ, पाचांत सात, सहांत सहा. फेऱ्या कमी झाल्या म्हणजे खेळ सोपा झाला असं समजू नका. पाळीच्या क्रमाच्या लिलावात सर्वात आधी बाहेर पडणारा काहीच देत नाही, शेवटचे दोघं पूर्ण बोली देतात आणि मधले सगळे निम्मी. तिघांत मधला कोणी नसतोच, म्हणून प्रत्येक बोली जड पडते. सहांत मधल्या जागा तुलनेने स्वस्तात मिळतात. पण निवडायच्या विशेष कृती सातच आहेत. सहा जणांत शेवटी निवडणाऱ्यापुढे दोनच उरतात, तिघांत शेवटच्यालाही पाचातून निवडता येते. नकाशावरची गर्दी तर आहेच. सहांत तुमच्या डोळ्यांदेखत तुमच्या मालाचा घन (माल दाखवणारा छोटा ठोकळा) दुसरा कोणी उचलून नेईल. यासाठी वेगवेगळ्या संख्येचे नकाशे निघाले आहेत, नकाशावरची शिफारस वाचूनच तो निवडा.

५. सात किंवा त्याहून जास्त

दोन टेबलं करा. सात असतील तर तीन आणि चार, आठ असतील तर चार आणि चार. '१८६२' हा खेळ आठ जणांपर्यंत चालतो, '१८१७' आणि '१८२२' सातांपर्यंत, पण तिघेही अनुभवी लोकांचे खेळ आहेत. नियम जाणणारा एकच असेल तर त्याला मोठ्या खेळाच्या टेबलावर बसवा आणि दुसऱ्या टेबलाला 'शिकागो एक्सप्रेस' द्या. त्याचे नियम पंधरा मिनिटांत सांगून होतात.

६. मांडण्याआधी हे आकडे कागदावर उतरवा

नियमपुस्तकात हे एका जागी सापडत नाहीत. घाईत एखादा निसटला की दोन तासांनी लक्षात येतं, आणि तेव्हा डाव दुरुस्त करता येत नाही.

- प्रत्येकाची सुरुवातीची रोकड
- बँकेतली एकूण रक्कम
- प्रमाणपत्रांची मर्यादा
- काढून टाकायच्या कंपन्या, खासगी आणि सार्वजनिक दोन्ही
- फेऱ्यांची संख्या किंवा खेळ संपायची खूण ('रेल्वेज ऑफ द वर्ल्ड' मध्ये किती शहरं रिकामी झाली की खेळ संपतो हे माणसांवर ठरतं)
- दर फेरीला टाकायचे फासे ('एज ऑफ स्टीम' मध्ये माल वाढवताना माणसांइतके फासे टाकतात)

७. जवळ काय ठेवायचं

- पोकर चिप्स. कागदी नोटा मोजण्यात अठरा-एक्सएक्सचा कितीतरी वेळ जातो. सहा जणांत तर चिप्स हव्यातच.
- दहा भागांत लाभांश वाटण्याचा तयार तक्ता, किंवा एका फोनवर गणक.
- प्रत्येकापुढे एक चिठ्ठी: कोणती गाडी आली की कोणती मोडीत निघते आणि एका कंपनीला किती गाड्या ठेवता येतात.
- प्रत्येक कंपनीच्या पैशासाठी वेगळी वाटी. ही वस्तू क्षुल्लक वाटते, पण सगळ्यात जास्त गोंधळ तीच वाचवते.

बँकर एकच ठेवा आणि तो नवखा नसावा. टाइल शोधून देणारा दुसरा माणूस नेमलात तर पाच-सहा जणांच्या डावात बराच वेळ वाचतो.

८. नवखे जिथे हमखास अडकतात

कंपनीचा पैसा तुमचा नाही. शेवटच्या हिशेबात तुमची रोकड आणि तुमच्या शेअरचा बाजारभाव धरला जातो. कंपनीच्या तिजोरीत हजार डॉलर पडून असले तरी त्यातला एकही तुमच्या खात्यात येत नाही. हे डावाच्या आधी दोनदा सांगा.

गळ्यात पडलेलं अध्यक्षपद. एखाद्या कंपनीचे दोन शेअर तुमच्याकडे आहेत आणि अध्यक्ष आपले विकून तुमच्या खाली आला, की अध्यक्ष तुम्ही. कंपनीकडे गाडी नसेल, मार्ग असेल आणि तिजोरीत पैसे नसतील, तर गाडीचे उरलेले पैसे तुमच्या खिशातून जातात. त्यासाठी स्वतःचे शेअरही विकावे लागतात. म्हणून दुसरा शेअर घेण्याआधी बघा: कंपनीकडे कोणती गाडी आहे, ती कधी मोडीत निघेल, आणि अध्यक्षाला बाहेर पडायचं असेल तर त्याच्या खालोखाल कोण आहे. एकच शेअर असेल तर ही भीती नाही. बाजारात कंपनीचे ५० टक्क्यांपेक्षा जास्त शेअर साठू शकत नाहीत, हा नियमही लक्षात ठेवा. कित्येकदा तोच तुम्हाला वाचवतो.

दिवाळं. '१८३०' मध्ये कोणाचं दिवाळं निघालं की खेळ तिथेच थांबतो. नवख्यांच्या टेबलावर हे अनपेक्षितपणे लवकर घडू शकतं. पहिल्या डावापुरतं सगळ्यांनी मिळून ठरवा की कोणी त्या कड्यावर आला तर त्याला मोठ्याने सावध करायचं.

'एज ऑफ स्टीम' मधला सापळा वेगळा आहे. शेअर काढून पैसे उभे करायचे ते फेरीच्या सुरुवातीलाच. मग लिलाव आहे, रूळ आहेत, फेरीअखेरचा खर्च आहे, आणि मधे कुठेही पुन्हा पैसे उभे करता येत नाहीत. एक शेअर जास्त काढला तर खर्च थोडा वाढतो, एक कमी काढला तर सगळी फेरी वाया जाते. नवख्याने एक जास्तच काढावा.

आणि एक गोष्ट जाणकारांसाठी. दुसऱ्याची चाल तुम्ही खेळू नका. नियम सांगा, परिणाम सांगा आणि गप्प बसा. या खेळांत तुम्ही तटस्थ नसता, तुमच्या सल्ल्यात तुमचा शेअर असतो.

९. वेळ आणि शेवट

किती जण येणार हे विचारू नका, शेवटपर्यंत किती जण थांबणार हे विचारा. कोणाला चार वाजता निघायचं असेल तर अठरा-एक्सएक्स मांडू नका. मधे माणूस उठला तर त्याच्या कंपन्या, त्याचे शेअर आणि त्याच्यावर विसंबलेले भागीदार सगळेच लोंबकळतात. अशा दिवशी दोन छोटे डाव खेळा.

'१८३०' ची बँक १२,००० डॉलरची असते, माणसं कितीही असोत. ती फुटली, म्हणजे रिकामी झाली, की तिथल्या तिथे थांबायचं नसतं. सुरू असलेला कामकाज फेऱ्यांचा संच पूर्ण करायचा आणि बँकेकडून येणं असलेले पैसे कागदावर लिहून ठेवायचे. बँक संपत आली की बँकरने तसं जाहीर करावं, म्हणजे शेवटची शेअर फेरी कोणती असेल याचा अंदाज सगळ्यांना बांधता येतो. मोजणी करताना आधी प्रत्येकाची रोकड मोजा, मग एकेक कंपनी घेऊन तिचा भाव मोठ्याने वाचा आणि ज्याच्याकडे जितके शेअर तितकी रक्कम लिहा. माणसागणिक मोजत गेलात तर कोणाचा तरी एखादा शेअर राहतोच.